नऊ वर्षांचा झाला, म्हणून?

मे महिना आला की थळमधल्या आमच्या घरी नातेवाइकांची गर्दी होते. कुणी मुंब्र्याहून येतं, कुणी दुबई-शारजाहून. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकर गाडी बोटीत घालूनच मांडव्याला उतरतात. यंदा आंब्यांसोबत एक वादही घरात आला. भाचीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो गाडीत अजून बूस्टरवर, म्हणजे पाठीमागच्या सीटवर ठेवलेल्या उंच बैठकीवर बसतो. मावसभाऊ त्याला हसले. नानी म्हणाली, "एवढा घोडा झालाय, काढ ते. नाहीतर माझ्या मांडीवर बसव. अल्लाह राखणारा आहे."

भाची दुबईत राहते. अमिरातीत २०१७ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला कार सीट सक्तीची आहे. पुढच्या सीटवर बसायला वय किमान दहा आणि उंची १४५ सेंटिमीटर लागते. आपल्याकडेही कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली सुधारणा झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचं आसन न लावता गाडी चालवली तर एक हजार रुपये दंड आहे. पण बूस्टर नेमका कधी सोडायचा, हे ते कलम सांगत नाही. ते आपणच बघायचं असतं.

आपण मुलांच्या वाढीकडे शाळेच्या इयत्तांसारखं बघतो. पुढे गेला की शाबासकी. गाडीत मात्र उलटं आहे. मागे तोंड करून बसणारं बाळ सगळ्यात सुरक्षित, कारण धक्का बसला तर डोकं, मान आणि पाठ यांना मिळून आधार मिळतो. त्यानंतर पुढे तोंड करून पाच पट्ट्यांची सीट, मग बूस्टर, मग नुसता पट्टा. प्रत्येक टप्प्यावर संरक्षण थोडं कमी होतं. म्हणून घाई करायची नाही. सीटवर छापलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा भरली, की मगच पुढे जायचं.

गाडीतला पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लहान मुलाची कमरेची हाडं अजून पुरती भरलेली नसतात. खालचा पट्टा पोटावर सरकतो आणि जोराचा ब्रेक लागला की आतल्या अवयवांना इजा होते. वरचा पट्टा मानेवर येतो. मूल त्रासून तो पाठीमागे किंवा बगलेखाली घालतं, म्हणजे तो असून नसल्यासारखा. बूस्टर मुलाला उंच करून पट्टा योग्य जागी आणतो.

मग सोडायचा कधी? मुलाला बूस्टरशिवाय बसवा. पाठ सीटला टेकलेली हवी, गुडघे सीटच्या कडेवर वाकलेले हवेत, खालचा पट्टा मांड्यांच्या वर, जांघेपाशी हवा, वरचा पट्टा गळ्यावर न येता खांद्याच्या मध्यावर हवा. आणि सगळा प्रवासभर मूल तसंच बसून राहिलं पाहिजे. पाचही गोष्टी जुळल्या तरच बूस्टर काढायचा. साधारण १४५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेपाच फुटांच्या आसपास हे जुळतं. कुणाचं आठव्या वर्षी, कुणाचं बाराव्या. गाडीगाडीच्या सीटही वेगळ्या असतात, म्हणून दुसऱ्या गाडीत पुन्हा तपासायचं. बूस्टर सुटला तरी तेराव्या वर्षापर्यंत जागा मागचीच बरी.

नानीच्या मांडीचं काय? ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळली तर धक्का दहा मीटरवरून, आपल्या वाडीतल्या उंच माडावरून पडण्याएवढा असतो. माडावरून पडताना कुणी मुलाला हातात धरून ठेवू शकेल का? प्रेम कितीही असो, हातांत तेवढं बळ नसतं.

कुणी म्हणेल, सहा आसनी रिक्षात कुठे पट्टा असतो? नसतो, हे खरं. पण जिथे आहे तिथे न लावण्याला ते कारण होत नाही. अल्लाह राखणारा आहेच. त्याने अक्कलही दिली आहे, आणि ती वापरली म्हणून भरवसा कमी होत नाही.

बक्षीस म्हणून बूस्टर काढायचा नाही आणि कुणी हसलं म्हणूनही नाही. घरात मोजपट्टी असतेच. सुट्टीला निघण्याआधी मुलाला भिंतीशी उभं करून उंची मोजा.