सोइचिरोचा चेहरा

इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये रूममेटमुळे मला जपानी मांगाचा, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायच्या चित्रकथांचा नाद लागला. बाकीची मुलं मारामारीच्या मालिका वाचायची. मी प्रेमकथा वाचायचो, लॅपटॉप भिंतीकडे वळवून!

प्रेमकथांतही पहिल्या नजरेतलं प्रेम वगैरे मला पचत नाही. गोष्ट संथ हवी. माझी लाडकी आहे रुमिको ताकाहाशी यांची 'मेझॉन इक्कोकू'. १९८० ते १९८७ अशी सात वर्षं ती चालली. गोदाई हा कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत नापास झालेला मुलगा एका जुनाट घरात भाड्याने राहतो. तिथली व्यवस्था बघायला क्योको येते. ती तरुण विधवा आहे. नवऱ्याचं, सोइचिरोचं, नाव तिने कुत्र्याला दिलंय. गोदाई बहुतेक गोष्टभर तिला नावाने हाक मारत नाही, 'कानरिनिन-सान' म्हणतो, म्हणजे व्यवस्थापकबाई. माझी आई बाबांना अजून 'अहो' म्हणते, त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही.

शेवटाकडे गोदाई सोइचिरोच्या थडग्यापाशी उभा राहतो आणि क्योकोला त्याच्या आठवणींसकट स्वीकारतो. ते पान मी कितीदा वाचलं असेन.

चार वर्षांपूर्वी मला एक स्थळ आलं. मुलीचे पहिले यजमान लग्नानंतर दीड वर्षात आजाराने गेले होते. आई म्हणाली, "तिच्या मनात तो राहणारच रे, तुला जमेल?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. पंधरा खंड वाचले होते ना!

लग्नानंतर एकदा विम्याचे कागद शोधताना कपाटात साड्यांच्या खाली त्याचा फोटो सापडला. उंच, देखणा, मोकळं हसणारा. मी फोटो होता तसा ठेवला आणि आठवडाभर विनाकारण चिडचिड केली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ताकाहाशीबाई सोइचिरोचा चेहरा कधी दाखवतच नाहीत. आठवणींतही तो सावलीत किंवा झाकलेला असतो. गोदाईला तुलना करायला समोर चेहराच नाही. मला हे थोडं अन्यायाचं वाटलं.

शेवटी बायकोला सांगून टाकलं. ती रागावली नाही. "मला वाटलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून खाली ठेवला," एवढंच म्हणाली. त्या रात्री ती पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलली, बराच वेळ. मला सगळं ऐकवलं असं नाही, मध्येच पाणी प्यायला उठलो.

गेल्या पितृपक्षात बायको स्वयंपाकघरात घुटमळत होती. तिला काय विचारायचंय ते आईने ओळखलं. म्हणाली, "अगं, त्याला काय आवडायचं?"

"खोपरा पॅटिस."

श्राद्धाच्या ताटात पॅटिस! आई क्षणभर गप्प झाली. मग मला म्हणाली, "जा रे, छप्पनवरून घेऊन ये. गरम बघून आण."