न दिलेलें औषध

रोग म्हटला कीं औषध हवेंच, ही आपल्या सुशिक्षित घरांतूनही खोल रुजलेली समजूत आहे. वैद्यानें हात आंखडला तर त्याला उपाय सुचला नाहीं, असेंच आप्तेष्टांस वाटतें. आमच्या धाकट्या बंधूंस स्वादुपिंडाचा तीव्र दाह झाला, तेव्हां या समजुतीची परीक्षा आमच्याच घरीं झाली.

जठरामागें आडवें पसरलेलें हें पिंड सुजलें म्हणजे अन्न पचविण्याकरितां निर्मिलेले त्याचे रस त्यालाच खाऊं लागतात. बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनीं १८८९ सालीं या व्याधीचें व्यवस्थित वर्णन केलें. पिंडाच्या पाठीस चिकटून प्लीहेची नीला जाते. पुढें ती आंतड्यांकडून येणाऱ्या नीलेस मिळते व दोहींचें रक्त एका मोठ्या नीलेनें यकृताकडे जातें. वाहिनीच्या भिंतीस इजा, मंदावलेला प्रवाह आणि रक्ताचा गोठण्याकडे कल, हीं फिर्खो यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलीं तिन्ही कारणें येथें एकत्र येतात आणि नीलेंत गुठळी धरते. बंधूंच्या प्लीहेच्या नीलेंत ती धरली होती.

मग रक्त पातळ कां करूं नये? त्यासाठीं वापरलें जाणारें हेपॅरिन १९१६ सालींच बाल्टिमोर येथें सांपडलें आहे. परंतु जे रस पिंडास खातात, तेच शेजारच्या धमनीची भिंतही पोखरतात. ती फुटली तर पातळ केलेलें रक्त आंवरणें कठीण. म्हणून या प्रश्नावर तज्ज्ञांत आजही एकमत नाहीं. गुठळी यकृताच्या वा आंतड्यांच्या नीलेंत पसरून त्या अवयवांस धोका उत्पन्न झाला, तर औषधाकडे कल असतो. केवळ प्लीहेच्या नीलेंत असली, तर पुष्कळदां नुसती देखरेख. दाह ओसरल्यावर कित्येकांची नीला आपोआप मोकळी होते. न झाल्यास रक्त जठराच्या शिरांतून वाट काढतें, त्या फुगतात, क्वचित् फुटतात. म्हणून देखरेख पुढेंही सुटत नाहीं.

मातोश्री रोज विचारीत, "औषध केव्हां सुरू करणार?" डॉक्टर रोज सांगत, "आज नाहीं." परंतु तें उत्तर देण्यापूर्वीं ते दरवेळीं नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहत, कांहीं दिवसांनीं पुन्हां पोटाचें स्कॅन करून गुठळी किती पसरली हें तपाशीत. दुर्लक्ष व प्रतीक्षा दुरून सारखींच दिसतात. भेद इतकाच कीं, दुर्लक्षाला उद्यांचा प्रश्न ठाऊक नसतो. प्रतीक्षा तो आजच मनाशीं मांडून ठेवते.

गुठळी पसरली नाहीं, औषधही लागलें नाहीं. तें लागलें असतें, तरी आदल्या दिवशींचा नकार योग्यच होता, असें आमचें मत आहे.