आधी पत्रा, मग इंजिन

चि. अद्वैत यास,


माझदा एमएक्स-५ ही दोघांनी बसायची, उघड्या टपाची छोटी गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. साठच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या ब्रिटिश गाड्यांची चपळाई टिकवायची, पण रोज सकाळी विनातक्रार सुरू होणारे इंजिन द्यायचे, हा तिच्यामागचा विचार. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना आणि वजन एक टनाच्या आसपास. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. खप असा दांडगा असल्यामुळे ब्रिटनमध्ये जुन्या एमएक्स-५ ची वाण नाही, आणि म्हणूनच पहिल्याच गाडीवर भाळण्याचे काही कारण नसते. इथे सांगतो ते पहिल्या दोन पिढ्यांविषयी: उघडमीट होणाऱ्या दिव्यांची एनए (१९८९ ते ९७) आणि स्थिर दिव्यांची एनबी (१९९८ ते २००५). बहुतेक ग्राहक इंजिनाचा आवाज ऐकतात, रंगाची चकाकी पाहतात आणि पैसे मोजतात. या गाड्या संपतात त्या मात्र इंजिनामुळे नव्हे, गंजामुळे.

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खाते. पण एमएक्स-५ ला वरूनही धोका असतो. कापडी हूडवर पडलेले पावसाचे पाणी सीटांच्या मागे पन्हळीत जमते आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे खाली पडते. त्या नळ्यांत पालापाचोळा अडकला की पाणी गालिच्यात आणि दाराखालच्या सिलमध्ये मुरते. सिल आतून कुजू लागतो, बाहेरचा रंग तोवर शाबूत. म्हणून पन्हळीत बाटलीभर पाणी हळूहळू ओतून ते चाकापुढे जमिनीवर पडते का, हे पाहावे. सीटमागचा गालिचा हाताने दाबावा; ओल लागली तर उत्तर मिळालेच. सिलच्या मागच्या टोकाला, मागच्या चाकाच्या कमानीजवळ, फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. ते जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुटी भरलेली असते. सिलचे चांगले वेल्डिंग झालेले असेल तर घाबरू नये, मात्र कामाचे फोटो आणि बिल मागावे.

एनबी घेताना याहून गंभीर जागा पुढे आहे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे चासीचे रेल पुढच्या सस्पेन्शनपाशी दुपदरी आहेत आणि त्या दोन पदरांमध्ये पाणी साचते. गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे दिसू लागेपर्यंत बराच पत्रा गेलेला असतो. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय हे नीट कळत नाही. विक्रेता लिफ्टला नकार देत असेल तर तिथूनच परत फिरावे. रेलवर नुकताच फासलेला काळा जाड लेपही संशयास्पदच मानावा.

इंजिन त्या मानाने सोशिक आहे. एनएच्या थंड इंजिनात वरून येणारा टकटक आवाज बहुधा हायड्रॉलिक लिफ्टरचा असतो. इंजिन तापल्यावर थांबत असेल तर काळजी नसावी. खरी तपासणी हवी ती सुरुवातीच्या १.६ लिटर गाड्यांची. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते. तिथला बोल्ट सैल पडला की पुली क्रँकवर पक्की धरणाऱ्या चावीची खाच झिजते, पुली डुलते आणि टायमिंग हलते. इंजिन चालू ठेवून पुलीकडे टॉर्च मारावा. ती एका रेषेत फिरली पाहिजे. पुलीवर चार खाचा म्हणजे जुना आखूड क्रँक, आठ म्हणजे सुधारित. टायमिंग बेल्ट साधारण ६०,००० मैलांनी बदलतात, त्याची पावती पाहावी. क्लचचा खालचा सिलिंडर गळतो, पण ते काम स्वस्तातले आहे.

चालवताना स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटचे बोल्ट गंजून अडकले आहेत का, हे विचारावे. ते फिरत नसतील तर चाके जुळवताच येत नाहीत आणि या गाडीचा सगळा आनंदच जातो. चार चाकांना चार कंपन्यांचे टायर दिसले तर मालकाने गाडी कशी सांभाळली असेल, याचा अंदाज येतो.

कागद घरबसल्या तपासता येतात. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की २००५ पासूनचा एमओटी या वार्षिक सक्तीच्या चाचण्यांचा इतिहास फुकट दिसतो: मैलांचा आकडा आणि गंजाबद्दलचे शेरे. जपानहून आणलेली एनए युनोस रोडस्टर नावाची असते. तिचे मीटर मुळात किलोमीटरचे, त्यामुळे आकडा मैलांचा की किलोमीटरचा हे नक्की करावे. मीठ बहुधा कमी लागल्याने अशा गाडीचा पत्रा बरा निघू शकतो, पण ब्रिटनमध्ये किती हिवाळे काढले तेही पाहावे. व्ही५सी या नोंदणीपत्रावर नोंदणीकृत वापरकर्त्याचे नाव असते. तो मालकीचा पुरावा नव्हे. कर्ज बाकी आहे का, विमा कंपनीने गाडी कधी बाद ठरवली होती का, हे कळायला थोडे पैसे भरून वेगळी तपासणी करावी लागते. ती टाळू नये.

गाडी कोरड्या हवेत आणि उजेडात पाहावी, आणि विक्रेत्याला इंजिन आधी तापवू नको, असे फोनवरच सांगून ठेवावे.

तुझा,
मामा