पत्रकाच्या आधीचे काम

जनसंपर्क म्हणजे निर्णय झाल्यानंतर करायचे काम, असे मी बरीच वर्षे मानत आले. संचालक मंडळाने ठरवायचे, आपण ते लोकांना कळेल अशा भाषेत लिहायचे, प्रेसनोट वेळेत वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोहोचवायची आणि दुसऱ्या दिवशी कात्रणे फाईलला लावायची. नाशिकमध्ये बँका, शिक्षणसंस्था, कारखाने यांच्यासाठी लिहिताना मला यात काही खटकले नाही. निर्णयाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी तो घ्यावा, लिहिणाऱ्याने त्यात नाक खुपसू नये, ही मला शिस्त वाटायची. आज माझे मत नेमके उलटे आहे. जनसंपर्काचे निम्म्याहून अधिक काम निर्णयाच्या आधीचे असते, आणि तेव्हा ते झाले नसेल तर नंतरच्या सुरेख मजकुराने फारसे काही साधत नाही.

माझे जुने मत पालटायला सुरुवात झाली ती नाशिकच्या 2015 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात. त्याआधीच्या सिंहस्थात, 27 ऑगस्ट 2003 रोजी, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 30 हून अधिक भाविकांचा जीव गेला. तसे पुन्हा होऊ द्यायचे नाही, हा पुढच्या वेळच्या नियोजनाचा गाभा होता, आणि तो योग्यच होता. 29 ऑगस्ट 2015 च्या पहिल्या शाहीस्नानाला वाहने शहराबाहेर थांबवली गेली, आत जागोजागी बॅरिकेड लागले, भाविकांना मैलोन्‌मैल चालावे लागले. गर्दी मात्र अपेक्षेच्या मानाने फारच कमी आली. व्यापाऱ्यांनी माल भरून ठेवला होता, त्यांची नाराजी उघड दिसत होती. टीका झाल्यावर 13 सप्टेंबरच्या स्नानाला निर्बंध सैल केले आणि घाट फुलले.

बंदोबस्त किती कडक असावा, हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. मी विचार करत राहिले तो निरोपाचा. कोणते रस्ते बंद, गाडी कुठे लावायची, किती चालायचे, हे सगळे आधी छापून आले होते. पुन्हा पुन्हा आले होते. माझ्या त्या वेळच्या फूटपट्टीने ही मोहीम यशस्वीच ठरली असती. पण ‘येऊ नका’ असे कुणीही म्हटलेले नसताना असंख्य लोकांनी नेमके तेच ऐकले. खानदेशातल्या खेड्यातून येणारी म्हातारी किती चालू शकते, पंचवटीतला दुकानदार त्या पहाटे घरून दुकानापर्यंत कसा पोहोचणार, हे त्यांनाच आधी विचारले असते तर नुसती वाक्ये बदलली नसती. वाहनतळाची जागाही कदाचित बदलली असती.

जॉन मार्स्टन या अमेरिकी लेखकाने 1963 मध्ये जनसंपर्काचे चार टप्पे मांडले: संशोधन, कृती, संवाद, मूल्यमापन. हे आम्ही सगळेच परीक्षेसाठी पाठ करतो. त्यात संवाद तिसरा आहे, याचा अर्थ मला 2015 नंतर उमगला. आधी लोकांचे ऐकायचे, त्यानुसार संस्थेने स्वतःच्या वागण्यात बदल करायचा आणि मग बोलायचे. ग्रुनिग आणि हंट यांनी 1984 मध्ये दुतर्फा, समतोल संवादाची कल्पना मांडली. लोकांनी बदलावे अशी अपेक्षा असेल तर संस्थेनेही बदलायची तयारी ठेवावी, असा तिचा आशय. पैसे देणारा ग्राहक हे कशाला ऐकेल, म्हणून मी ते पुस्तकी समजत असे. आता मला तोच सर्वांत व्यवहारी सल्ला वाटतो.

संशोधन म्हटले की मोठी एजन्सी आणि मोठे बिल डोळ्यांपुढे येते. तेवढ्याची गरज नेहमी नसते. तक्रार नोंदवही नीट वाचणे हे संशोधन आहे. रिक्षाथांब्यावर, भाजीबाजारात, बायकांशी वेगळे आणि पुरुषांशी वेगळे बोलणे हेही आहे. सूचनेचा मसुदा पाच-सहा अनोळखी लोकांना वाचायला देऊन ‘काय कळले ते तुमच्या शब्दांत सांगा’ एवढे विचारले, तरी कितीतरी गैरसमज छापण्याआधीच सापडतात.

मोजमापाबद्दलही माझे मत असेच बदलले. बातमीची जागा कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिला जाहिरातीच्या दराने गुणायचे आणि ‘एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळाली’ असा अहवाल द्यायचा, ही पद्धत मी मनापासून पाळली. 2010 च्या बार्सिलोना तत्त्वांनी ती स्पष्ट शब्दांत नाकारली. त्या अहवालांतून लोकांना काय समजले आणि त्यांनी काय केले, यातले काहीच कळत नव्हते.

नोव्हेंबर 2025 मध्ये पुढच्या सिंहस्थातल्या साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या वसाहतीसाठी, नाशिकच्या तपोवनातली सुमारे 1800 झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर हरकती मागवल्या गेल्या आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. बदल्यात कितीतरी अधिक झाडे लावू, असे खुलासे आले. पण ते येईपर्यंत अविश्वास पक्का झाला होता. त्याच जागेवर प्रदर्शन केंद्र उभारण्याच्या निविदेची चर्चा सुरू झाल्यावर तर कुणी खुलासे ऐकेना. हरकती मागवणे ही कायद्याची पायरी आहे, ती हवीच. मात्र आराखडा तयार झाल्यावर विचारलेला प्रश्न आणि आराखड्याआधी विचारलेला प्रश्न यांतला फरक लोकांना बरोबर कळतो. इथे कुशल पीआरओ काय करू शकला असता, असे मला काहींनी विचारले. खुलाशाच्या टप्प्यावर फारच थोडे, असे माझे उत्तर आहे.

नीतीविषयीचे माझे मत याहून उशिरा बदलले. 1968 मध्ये दिल्लीतल्या पहिल्या अखिल भारतीय जनसंपर्क परिषदेने 21 एप्रिल रोजी व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारली. म्हणून हा दिवस आपण राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळतो. 2021 मध्ये त्याच तारखेला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा विस्कळीत झाला आणि 22 रुग्ण दगावले. तोवर मी संकटात कमीत कमी बोलावे या मताची होते: ‘चौकशी सुरू आहे’ म्हणायचे आणि थांबायचे. त्या दिवशी फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांची छायाचित्रे पाहताना वाटले, अशा वेळी निवेदनाचा पहिला वाचक पत्रकार नसतो, ही माणसे असतात. त्यांना हवे असते ते असे: माझा माणूस कुठे आहे, कुणाला विचारू, आत्ता नक्की काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल. दुःख व्यक्त करणारी वाक्ये त्यानंतर. आता मी शिकवते तेव्हा निवेदनाचा क्रम हाच सांगते, आणि वकिलांनी त्यातले सत्य गाळायला सांगितले तर त्यांच्याशी वाद घालायलाही सांगते.

2 ऑगस्ट 2027 ला पुढच्या सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान, म्हणजे पूर्वीचे शाहीस्नान, आहे. त्यासाठी मजकूर लिहिणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कागद मंजुरीला पाठवण्याआधी गाडगे महाराज पुलाखाली जा, तिथल्या फुलवालीला, नावाड्याला, परगावाहून आलेल्या एखाद्या कुटुंबाला तो वाचून दाखवा. त्यांना काय कळले आणि काय अडचण दिसली, ते लिहून घ्या आणि मसुद्यासोबत साहेबांच्या टेबलावर ठेवा.