ओझं घेऊन चढायचा डोंगर

रेड माउंटनवर जायचं ठरलं की पहिलं काम असायचं सामान विकण्याचं. 'मॉरोविंड' या कॉम्प्युटर गेममध्ये प्रत्येक वस्तूला वजन होतं. तलवारीला होतं, ढालीला होतं, कुठल्यातरी थडग्यातून उगाच उचलून आणलेल्या चांदीच्या पेल्यालाही होतं. तुमच्या पात्राची ताकद जितकी, तिच्या पाचपट वजन ते उचलणार. त्यावर रतीभर जास्त झालं की पाऊल जागचं हलायचं नाही. त्यामुळे डोंगरावर निघण्याची आदली संध्याकाळ काय ठेवायचं आणि काय टाकायचं यातच जायची. जाड चिलखत घातलं तर औषधांच्या बाटल्या कमी, बाटल्या वाढवल्या तर चिलखत हलकं. शुक्रवारी रात्री सॅक भरणाऱ्या ट्रेकरसारखी आमची गत. आमच्यातला एक जण खरोखरच दर शनिवार-रविवारी सह्याद्रीत भटकायचा. माझी यादी बघून त्याने एकच प्रश्न केला होता, "पाणी किती घेतलंस?" या खेळात तहान लागत नाही हे कळल्यावर त्याचा त्यातला रस संपला.

2002 साली बेथेस्डा या कंपनीने हा खेळ काढला. आमच्याकडे तो जरा उशिरा पोचला, एका मित्राच्या अमेरिकेतल्या दादाबरोबर, खोक्यासकट. खोक्यात बेटाचा घडीचा कागदी नकाशा होता. तो आम्ही पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर टाचण्यांनी लावला होता. बेटाचं नाव व्हार्डनफेल, आणि त्याच्या बरोबर मधोमध रेड माउंटन हा ज्वालामुखी. त्याच्या पोटात डागोथ ऊर नावाचा, स्वतःला देव समजणारा, मरूनही न मेलेला शत्रू. डोंगरावरून जे वादळ उठतं त्यात रोगराई आहे, ती जनावरांना लागते, माणसांना लागते. म्हणून डोंगराभोवती एक जादूची भिंत उभी केली आहे, घोस्टफेन्स. ती पूर्वजांच्या आत्म्यांवर चालते. खेळ बनवणाऱ्यांनी हे सगळं इतक्या गंभीरपणे लिहिलं होतं की आम्हीही ते तितक्याच गंभीरपणे घेतलं.

संध्याकाळी लोडशेडिंग असायचं. ते कधी होणार याचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि वीज त्या वेळापत्रकाला धरून जाईलच असं नव्हतं. त्यामुळे F5 दाबून खेळ साठवायची सवय बोटांना इतकी लागली होती की वर्डमध्ये असाइनमेंट टाइप करतानाही बोट तिकडे जायचं.

आजच्या खेळांत नकाशावर बाण दिसतो, तिकडे चालत सुटायचं. मॉरोविंडमध्ये बाण नव्हता. कुणीतरी तुम्हाला तोंडी पत्ता सांगायचं, तो वहीत नोंदला जायचा, आणि मग तुम्ही आणि तुमचं नशीब. पूल ओलांड, ओढ्याच्या काठाने वर जा, दोन सुळके दिसतील त्यांच्या मधून आत शिर. कधीकधी पत्ता सांगणाऱ्यालाच रस्ता धड ठाऊक नसायचा. रेड माउंटनच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरं होतं. बालमोरा गावाहून निघायचं, मूनमॉथचा किल्ला मागे टाकायचा, की फोयाडा मामेया लागते. फोयाडा म्हणजे लाव्हा वाहून गेलेली कोरडी घळ. दोन्ही बाजूंना काळे कडे, खाली राख. ती धरून वर चालत राहिलं की थेट घोस्टगेट.

खरी मजा मात्र तयारीत होती, आणि तयारीतलीही सगळ्यात रंगतदार गोष्ट म्हणजे औषधं कुटणं. खलबत्ता विकत मिळायचा. दोन जिन्नसांमध्ये एक गुण सारखा असला की त्या गुणाचा काढा तयार. पाव आणि निक्स-हाऊंड नावाच्या प्राण्याचं मांस एकत्र कुटलं की थकवा उतरायचा. थकवा उतरवणं फार गरजेचं, कारण या खेळात धावलं की दम जातो आणि दम गेला की वार चुकतो. तलवार समोरच्याच्या अंगातून गेलेली डोळ्यांना दिसते, पण खेळाच्या लेखी ती लागलेलीच नसते. पळत पळत चढाव चढून वर गेलात आणि तिथे कुणी गाठलं तर तुम्ही नुसती हवा कापत उभे.

आणि गाठणारं कुणीतरी असायचंच. क्लिफ रेसर. शेपटी लांब, पंख चामड्याचे, आवाज कर्कश. हा पक्षी म्हणावा की सरडा, देव जाणे. मॉरोविंड खेळलेल्या कुठल्याही माणसासमोर हे नाव काढा, शिवीच ऐकू येईल. एकाला मारावं तर मागून दुसरा, दुसऱ्याला मारेपर्यंत तिसरा. त्यांच्या भीतीने आम्ही लांबचे रस्ते धरायचो. मग एका मित्राला शोध लागला की याच क्लिफ रेसरच्या पिसांमध्ये तरंगण्याचा गुण आहे, आणि डोंगराच्या आसपास राखेत उगवणाऱ्या ट्रामा रूट या काटेरी झुडपाच्या मुळातही तोच आहे. पिसं आणि मूळ कुटा, प्या आणि उडा. एका रात्रीत सगळं उलटं झालं. ज्या पाखरापासून पळत होतो त्याच्या शोधात आम्ही राखेचे माळ तुडवायला लागलो. ही माहिती आम्हाला कुठल्याही मार्गदर्शकाने दिली नव्हती. ती खोलीतून खोलीत, मेसमधून मेसमध्ये तोंडी पसरली आणि पसरताना थोडी बिघडलीही. ट्रामा रूट पौर्णिमेलाच तोडावं लागतं, असं एकजण छातीठोकपणे सांगायचा.

घोस्टगेटला पोचलं की जिवात जीव यायचा. तिथे पहारेकरी आहेत, दुकानं आहेत. एक देवस्थानही आहे, तिथे सोल जेम अर्पण करून भिंतीला बळ द्यायचं असतं. शस्त्र दुरुस्त करायच्या हातोड्या मोजायच्या. रोग उतरवणाऱ्या बाटल्या मोजायच्या. सगळ्यात शेवटी अल्मसिवी इंटरव्हेन्शनची गुंडाळी आहे ना, हे पुन्हा एकदा बघायचं. ती वाचली की डोंगरावर असाल तिथून सरळ घोस्टगेटला परत. नंतर दाराची कळ दाबायची.

पलीकडे पहिल्यांदा काय जाणवतं, तर काहीच दिसत नाही. लालसर वादळ, कानात घोंघावणारा वारा, आणि तुमचं पात्र आपोआप हात चेहऱ्यासमोर धरून वाकून चालायला लागतं. वाऱ्याच्या उलट चालताना वेग मंदावतो. त्या धुरळ्यात व्हेमिनल आणि ओड्रोसाल असे दोन जुने गड शोधायचे, एकातून सन्डर हा हातोडा आणायचा, दुसऱ्यातून कीनिंग हे पातं. हातात रेथगार्ड हा हातमोजा नसताना ती शस्त्रं पेलली तर तीच तुमचा जीव घेणार. हे सगळं जमवून खाली डागोथ ऊरच्या पुढ्यात उभं राहायचं. त्या लढाईबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, ती आम्हाला तेव्हाही फिकीच वाटली होती. जिंकून बाहेर आल्यावर मात्र वादळ थांबलेलं असतं आणि डोंगरावर निळं आकाश असतं.

आता खेळातल्या धुक्याचं सांगतो. तेव्हाचे कॉम्प्युटर फार लांबचं दृश्य काढू शकत नव्हते, म्हणून खेळ थोड्या अंतरापलीकडचं सगळं धूसर करून टाकायचा. पायथ्याला जाईपर्यंत रेड माउंटन दिसतच नसे. डोंगर किती मोठा, किती दूर, हे सगळं आमच्या डोक्यातलं. अलीकडे ओपनएमडब्ल्यू या मुक्त स्रोत इंजिनवर मी तोच खेळ चालवला. त्यात दूरदूरचं दिसतं. सेडा नीन गावच्या धक्क्यावर उतरलो आणि समोर रेड माउंटन! एवढासा. चालत काही मिनिटांवर. बेट इतकं चिमुकलं आहे हे बघून खरं तर हसू आलं. आमचा अर्धा डोंगर त्या धुक्यानेच रचला होता, आणि तो बेथेस्डाच्या नव्हे, आमच्या ग्राफिक्स कार्डाच्या कृपेने.

म्हणून जुनं ते सोनं म्हणत नव्या खेळांना पोरकट ठरवणारे आमचे काही समवयस्क मला पटत नाहीत. आम्ही डोंगर चढलोच कुठे? पिसं खाऊन उडालो. ज्याला चढणं म्हणावं ते आलं 2017 साली, 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये. तिथे कुठल्याही कड्याला हात घालता येतो, पण ताकदीचं हिरवं चक्र भराभर रिकामं होतं आणि पाऊस आला की हात निसटतो. अर्ध्या कड्यावर पाऊस सुरू झाला की एखाद्या कपारीत उभं राहून तो थांबायची वाट बघायची. आणि थंडी! सुरुवातीच्याच पठारावरचा हायलिया पर्वत इतका गार की साध्या कपड्यांत गेलात तर जीव हळूहळू कमी होत जातो. यावर उपाय काय, तर मिरची. तिथल्या एका म्हाताऱ्याच्या झोपडीजवळ झाडाला लाल मिरच्या लागलेल्या असतात, त्या रांधून खाल्ल्या की थंडी वाजत नाही. माझ्या भाचीने हे मला दाखवलं तेव्हा तिच्या आजीने मागून शेरा मारला, "बघ, शेवटी कामाला मिरचीच आली."

या दोन खेळांच्या मधला, बेथेस्डाचाच 'स्कायरिम' मला या बाबतीत जरा निराशच करून गेला. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये आला, जगभर गाजला, आणि त्यातला थ्रोट ऑफ द वर्ल्ड हा पर्वत त्या दुनियेतला सर्वात उंच. पायथ्याला आयव्हरस्टेड गाव, तिथून सात हजार पायऱ्या चढून ग्रेबिअर्ड्सच्या मठात जायचं. नाव सात हजार, पण उत्साही खेळाडूंनी मोजल्या तर त्या हजारसुद्धा भरत नाहीत. वाटेत एक फ्रॉस्ट ट्रोल दबा धरून असतो, आगीला भितो. तेवढं एक संकट सोडलं तर तयारी शून्य. एकदा वर पोचलात की पुढच्या वेळी नकाशावर टिचकी मारायची आणि थेट मठाच्या दारात हजर. गावातला क्लिमेक नावाचा माणूस मठासाठी शिध्याची पिशवी तुमच्याकडे देतो, वर नेऊन पोचवा म्हणतो. त्याचे पाय दुखतात, तुमचे कधीच दुखत नाहीत.

गंमत अशी की ही सोय लोकांना पुढे नकोशी झाली. आधी हौशी लोकांनी स्वतःच थंडीवाऱ्याचे मॉड बनवले आणि 2017 मध्ये बेथेस्डाने स्वतः सर्व्हायव्हल मोड दिला. तो चालू केला की भूक लागते, थंडी वाजते, थकवा येतो, उचलायचं वजन कमी होतं, आणि टिचकीसरशी प्रवास बंद. आम्हाला जे नाइलाजाने मिळालं होतं ते आता सेटिंगमध्ये जाऊन मागून घ्यायचं. पण मागून घेतलेल्या गैरसोयीतही मन रमतं, हे मी भाचीकडे बघून सांगतो. तिने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो मोड लावला आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला.

"मामा, पायऱ्यांवर अर्ध्यात गारठून मेले. काय न्यायचं वर?"

मी रीतसर यादी सुरू केली. मशाल हातात धर, तिची ऊब लागते. केसाळ कातड्याचे कपडे घाल, लोखंडी चिलखत काढून विकून टाक. ट्रोलसाठी आगीचा मंत्र. आयव्हरस्टेडच्या खानावळीत झोपून मगच पहाटे निघ.

"ते ठीक आहे, पण मिरच्या कुठे मिळतात?"

स्कायरिममध्ये मिरची नाही म्हटलं. गरम सूप चालतं. कोबी-बटाट्याचं.

"शी," ती म्हणाली. थोड्या वेळाने मेसेज आला, सहा वाट्या केल्या, आता वजन जास्त झालंय, तलवार ठेवू की सूप?