शिबिर घेणाऱ्याला कोण तपासतं?

दिवाळीआधी भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'मोफत मधुमेह मार्गदर्शन शिबिर' झालं. आई गेली आणि येताना पावडरचा डबा घेऊन आली. "गोळ्या हळूहळू सुटतील म्हणाले," एवढंच बोलली. पुढे कुणाला न सांगता तिने गोळ्या बंदच केल्या. तीन आठवड्यांनी चक्कर येऊन पडली, तेव्हा साखर चारशेच्या वर.

बोलणारा कोण होता, काय शिकलेला? सोसायटीत कुणालाच माहीत नाही. मीही विचारलं नव्हतं. पत्रकार असून!

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण शिकवणाऱ्याचं काय? ब्रिटनमध्ये अशा वर्गांसाठी निकष आहेत: लेखी अभ्यासक्रम, प्रशिक्षित शिक्षक, बाहेरून तपासणी. अमेरिकेत वर्गाला मान्यता नसेल तर मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, त्याचे पैसे देत नाही.

आपण निदान हॉल देण्याआधी तीन प्रश्न विचारू. शिकवणार कोण? काय शिकवणार, लेखी द्याल? शेवटी काही विकणार का?

आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. आईची पुन्हा सुरू झालीय. डबा मी फेकला.