वाळ्याचा वास आणि बाबांचं स्वप्न

झोपेतच ‘अरे, हे तर स्वप्न आहे!’ असं कळलं, की ते झालं ल्युसिड ड्रीम. अनेकांना त्यात उडायचं असतं. मला फक्त बोलायचं होतं. उमरेडच्या कोळसा खाणीतली नोकरी केलेले बाबा गेले, तेव्हापासून ते स्वप्नात डबा घेऊन सेकंड शिफ्टला निघायचे आणि मी नुसता बघत राहायचो.

फंडा जुनाच आहे. फ्रान्सच्या हर्व्हे द सँ-दनी यांनी १८६७ च्या पुस्तकात तो सांगितलाय. एका गावच्या मुक्कामात एकच अत्तर वापरायचं. काही महिन्यांनी, आपण झोपेत असताना नोकराने त्याचे थेंब उशीवर टाकायचे. स्वप्नात तेच गाव हजर!

आपल्याकडे नोकर कुठला? पण वाळा आहे! उन्हाळ्यात कूलरला वाळ्याच्या ताट्या बांधायचं काम बाबांचं. मी वाळ्याचं अत्तर आणलं. झोपण्याआधी दहा मिनिटं ते हुंगत स्वतःला विचारायचं, ‘मी आत्ता स्वप्नात आहे का?’ स्वप्नं पहाटे जास्त पडतात, म्हणून साडेचारचा अलार्म, उशीवर दोन थेंब आणि पुन्हा गुडुप.

तिसऱ्या आठवड्यात बाबा निघाले आणि वाळ्याचा वास आला. डिसेंबरात? कूलर तर माळ्यावर! ट्यूब पेटली.

“बाबा, थांबा ना.”

ते वळले. “जेवला का बे?”

हे माझंच डोकं बोलतंय, हे तेव्हाही कळत होतं. तरी म्हटलं, “हो, जेवलो.”

ट्राय करा, पण फक्त वीकेंडला. रोज झोपमोड परवडत नाही बॉस!